रक्तांतील रक्षक कसे घडतात ?

रोगप्रतिकारशक्तीचें नांव २०२० सालच्या साथीपासून घरोघर लहानथोरांच्या तोंडीं बसलें आहे. काढा घेतला म्हणजे ती वाढते, लस टोंचली म्हणजे ती जागी होते, जागरणानें ती घटते, अशीं विधानें स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत ऐकूं येतात. परंतु ही शक्ति म्हणजे एखादें तेज किंवा रस नव्हे. ती सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष पाहतां येणाऱ्या पेशींची एक मोठी सेना आहे; आणि त्या सेनेंतील प्रत्येक शिपाई कोठें तरी जन्मावा लागतो, वाढावा लागतो व आपल्या कामांत तयार व्हावा लागतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हें तयार होणें कोणाच्या आज्ञेनें चालतें, आणि तें मध्येंच अडलें तर काय अनर्थ ओढवतो, याविषयीं गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ ज्ञान हातीं आलें आहे. तें या मासिकाच्या वाचकांपुढें यथामति मांडण्याचा विचार आहे. विषय थोडा अवघड आहे. पण ज्या घरांत व्याकरणाची गोडी आहे त्या घरांत तो जड वाटूं नये.

या सेनेचें माहेर म्हणजे आपलीं हाडें. कंबरेचें हाड, छातीचें हाड, बरगड्या, मणके यांच्या पोकळींत जी लालसर मऊ मज्जा असते तींत कांहीं थोड्या मूळ पेशी जन्मभर वास करून असतात. रक्तांतील सर्व पेशी त्यांच्यापासूनच उत्पन्न होतात : प्राणवायु वाहणाऱ्या तांबड्या पेशी, जखमेवर रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या बिंबिका, आणि आपल्या प्रस्तुत विषयाच्या पांढऱ्या पेशी. पांढऱ्यांतही जाति अनेक आहेत. जंतु शिरतांच प्रथम धांवून जाऊन त्यांस गिळून टाकतात त्या न्यूट्रोफिल. प्रतिद्रव्यें तयार करून रक्तांत सोडतात त्या बी पेशी. आणि लहानपणींच मज्जा सोडून छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथींत जातात व तेथें तयार होतात त्या टी पेशी. न्यूट्रोफिलचें आयुष्य फार थोडें, यामुळें त्यांची भरती अखंड चालू ठेवावी लागते. जुन्या पद्धतीनें शिकलेल्या मंडळींस परार्धापर्यंतचें संख्यावाचन पाठ असे. खर्व-निखर्व कशाला पाठ करावयाचे, मोजण्यासारखें इतकें आहे तरी काय, असें मुलें विचारीत. त्यांस आतां उत्तर देतां येईल. निरोगी प्रौढ माणसाच्या मज्जेंत एका दिवसांत सुमारें एक निखर्व, म्हणजे दहा हजार कोटि, न्यूट्रोफिल तयार होतात.

खरें कोडें यापुढेंच आहे. मूळ पेशी काय, न्यूट्रोफिल काय, बी पेशी काय, किंबहुना यकृताची किंवा मेंदूची पेशी काय, या सर्वांच्या केंद्रकांत एकच ग्रंथ असतो. तो डीएनए नांवाच्या रेणूंत चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला असून त्याची आईकडून एक व बापाकडून एक अशा दोन प्रती आपणांस मिळालेल्या असतात. एका प्रतींत सुमारें ३०० कोटि अक्षरें भरतात. दोन्ही प्रतींचा धागा उलगडून सरळ केला तर त्याची लांबी सुमारें २ मीटर होईल. आणि तो सांठविलेला असतो मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशाएवढ्या केंद्रकांत. अमुक प्रथिन कसें बनवावें हें सांगणारीं सुमारें २०,००० प्रकरणें या ग्रंथांत आहेत. त्यांसच जनुकें म्हणतात. याला अपवाद आहेत. तांबड्या पेशी पक्व होतांना आपलें केंद्रकच टाकून देतात. बी व टी पेशी ग्रंथांतील ठराविक ठिकाणचे तुकडे कापून नव्या रीतीनें जोडतात. प्रतिद्रव्यांच्या जनुकांत हें घडतें असें सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञानें १९७६ सालीं दाखविलें व त्याबद्दल त्यांस १९८७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण हे अपवाद सोडले तर सर्वांची पोथी अक्षरशः एक. मग एकाच पोथीच्या बळावर एक पेशी जंतुभक्षक होते, दुसरी प्रतिद्रव्यें बनविते आणि तिसरी पित्त स्रवते, हें कसें ?

उत्तर असें कीं, पोथी सारखी असली तरी प्रत्येकीनें उघडलेले अध्याय निराळे असतात. जुन्या घरांत पोथ्या बासनांत बांधून माळ्यावर ठेवलेल्या असत. बासन सोडल्यावांचून पोथी वाचतां येत नाहीं; आणि वर्षानुवर्षें न सोडलेल्या बासनांतील पोथी घरांत असून नसल्यासारखीच. केंद्रकांतही बासनें आहेत. डीएनएचा धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या चिमुकल्या रिळांभोंवतीं गुंडाळलेला असतो. एका रिळावर सुमारें १४७ अक्षरांचा धागा बसतो. जेथें हीं रिळें एकमेकांस घट्ट चिकटून असतात तेथील जनुक वाचलें जात नाहीं. या रिळांवर असेटिल नांवाच्या लहान खुणा चढविल्या म्हणजे गुंडाळी सैल पडते व जनुक वाचण्याजोगें होतें. त्या खुणा काढून घेतल्या कीं बासन पुन्हां आवळलें जातें. खुणा चढविणारीं प्रथिनें निराळीं, काढणारीं निराळीं. अमेरिकेंत डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या प्रयोगशाळेनें पहिल्या प्रकारचें व स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेनें दुसऱ्या प्रकारचें असें एकेक प्रथिन १९९६ या एकाच वर्षीं ओळखून दाखविलें, आणि तेव्हांपासून हा विषय झपाट्यानें उलगडत गेला.

परंतु बासन सोडण्याचा हुकूम कोण देतो ? त्यासाठीं नियामक प्रथिनें असतात. डीएनएवरील विशिष्ट अक्षरसमूह ओळखून तीं तेथें जाऊन बसतात आणि खुणा चढविणाऱ्यांना किंवा काढणाऱ्यांना बोलावून घेतात. हीं नियामक प्रथिनें संख्येनें थोडीं, पण त्यांचा अंमल मोठा. पाणिनीच्या अष्टाध्यायींत अधिकारसूत्र असतें. तें स्वतः एकटें फारसें कांहीं सांगत नाहीं, मात्र पुढील कित्येक सूत्रांचा अर्थ त्याच्या सत्तेखालीं लावावा लागतो. तसेंच हें. एक नियामक प्रथिन शेंकडों जनुकांवर एकाच वेळीं अधिकार चालवितें. आणि कित्येकदां त्याचें केवळ असणें किंवा नसणें नव्हे, तर त्याचें प्रमाणही निर्णायक ठरतें. पीयू-१ नांवाचें नियामक प्रथिन मज्जेंतील कोंवळ्या पेशींत थोडें असलें तर ती पेशी बी पेशींच्या वाटेला लागते, पुष्कळ असलें तर जंतुभक्षकांच्या वाटेला, असें शिकागो येथें हरिंदर सिंग यांच्या प्रयोगशाळेंत २००० सालीं दिसून आलें. अक्षर तेंच, पण ऱ्हस्व-दीर्घानें अर्थ पालटावा, असा हा प्रकार आहे.

एकदां वाट धरल्यावर पेशी ती सोडीत कां नाहीं, हा प्रश्न मला स्वतःला अधिक मनोवेधक वाटतो. पूर्वीं समजूत अशी होती कीं, पेशी पक्व झाली म्हणजे तिच्या ग्रंथावर कायमचें शिक्कामोर्तब होतें. व्हिएन्ना येथील माइनराड बुसलिंगर व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर जे प्रयोग केले त्यांनीं ही समजूत खोटी ठरविली. बी पेशींचें अधिकारसूत्र म्हणजे पॅक्स-५ हें नियामक प्रथिन. तें एका बाजूनें बी पेशीस लागणारीं जनुकें उघडतें आणि दुसऱ्या बाजूनें इतर धंद्यांचीं जनुकें बंद ठेवतें. १९९९ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, ज्या कोंवळ्या पेशींत पॅक्स-५ मुळींच नाहीं त्या बी पेशी होण्याच्या उंबरठ्यावर थबकतात, आणि तशी परिस्थिति लाभल्यास जंतुभक्षक किंवा टी पेशी यांपैकीं काय वाटेल तें होऊं शकतात. २००७ चा प्रयोग याहून विलक्षण होता. पूर्ण पक्व झालेल्या, आपलें काम करीत असलेल्या बी पेशींतून पॅक्स-५ काढून घेतलें. तेव्हां त्या पेशी मागें मागें जात अनिश्चित बालपेशी बनल्या, आणि त्यांपासून पुढें टी पेशी निपजल्या! त्याच्या आधीं २००४ सालीं न्यूयॉर्क येथें थॉमस ग्राफ यांनीं उलट बाजूनें हेंच दाखविलें होतें : बी पेशींत जंतुभक्षकांचें एक नियामक प्रथिन बळेंच निर्माण करवितांच त्या थोड्याच दिवसांत जंतुभक्षक होऊन बसल्या. याचा अर्थ असा कीं, पेशीचा धंदा म्हणजे एकदां मिळालेली सनद नव्हे. ती रोजच्या रोज नवी करून घ्यावी लागते. बी पेशी बी पेशी राहते, कारण पॅक्स-५ तिच्यांत दररोज हजर असतें.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. वरील प्रयोग ऐकून कोणी सुधारक म्हणेल कीं, पाहा, धंदा जन्मानें ठरत नाहीं हें पेशींनींही सिद्ध केलें. आणि एरव्हीं पेशी आपला धंदा सोडीत नाहींत हें दाखवून कोणी सनातनी त्याचें उलट म्हणेल. दोघांनींही पेशींस साक्षीला बोलावूं नये. पेशीला इच्छा नाहीं, लज्जा नाहीं व पोटही नाहीं. माणसाच्या धंद्याचा निर्णय अन्य प्रमाणांनीं करावा. माझें मत सुधारकाच्या बाजूचें आहे, पण त्याचीं कारणें मज्जेंत सांपडणारीं नव्हत.

रोजची सनद चुकली तर काय होतें ? पॅक्स-५ काढून घेतलेल्या त्या उंदरांपैकीं कित्येकांस पुढें घातक कर्करोग झाले. त्याच २००७ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं मुलांच्या बी पेशींच्या रक्तकर्करोगाची तपासणी केली, तेव्हां सुमारें शेंकडा ३० मुलांच्या रोगट पेशींत पॅक्स-५ चें जनुक बिघडलेलें आढळलें. रक्ताचा कर्करोग म्हणजे पांढऱ्या पेशी फार वाढणें, एवढेंच आपण ऐकलेलें असतें. तें अर्धसत्य आहे. त्यांतल्या पुष्कळ प्रकारांत मूळ दोष असा असतो कीं, पेशी मोठ्या होतच नाहींत. त्या एका इयत्तेंत अडकतात, आणि तेथेंच त्यांची गर्दी होते. याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण न्यूट्रोफिलच्या घराण्यांतलें आहे, आणि त्याची कथा थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे.

मूळ पेशीपासून न्यूट्रोफिल होण्यास मज्जेंत आठवडा-दोन आठवडे लागतात आणि वाटेंत कित्येक पायऱ्या असतात. त्यांतील एका पायरीला प्रोमायलोसाइट म्हणतात. ही पेशी आकारानें मोठी, गोल केंद्रकाची व दाणेदार असते. ओस्लो येथील लाइफ हिलेस्टाड या वैद्यानें १९५७ सालीं तीन रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांच्या मज्जेंत या प्रोमायलोसाइटच खच्चून भरल्या होत्या, रक्त गोठण्याची क्रिया ढांसळली होती, आणि अवघ्या कांहीं आठवड्यांत रक्तस्राव होऊन ते मरण पावले. रक्ताच्या सर्व कर्करोगांत हा प्रकार अत्यंत भयंकर समजला जाऊं लागला. तो बहुधा तरुण व मध्यम वयांत येतो. सकाळीं हिंडताफिरता असलेला माणूस मेंदूंत रक्तस्राव होऊन आठवड्याच्या आंत जाण्याचा धोका त्यांत असतो. पुढें फ्रान्समध्यें कर्करोगनाशक तीव्र औषधांचा उपयोग होऊं लागला, पण तीं औषधें रोगट पेशी फोडीत, आणि फुटलेल्या पेशींतील द्रव्यांमुळें रक्तस्राव आणखी बळावे. वैद्यांची स्थिति इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती.

या रोगाचें मूळ हळूहळू उकलत गेलें. १९७७ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, या रोग्यांच्या पेशींत १५ व्या व १७ व्या गुणसूत्रांच्या टोंकांची अदलाबदल झालेली असते. दोन पोथ्यांचीं पानें गळून बांधणाऱ्यानें एकीचीं दुसरींत घालावीं, तसें. १९९० च्या सुमारास पॅरिसमधील ह्यूग द ते, आन देजाँ व इतर कांहीं शास्त्रज्ञ यांनीं त्या सांध्यावर नेमकें काय आहे तें शोधून काढलें. १७ व्या गुणसूत्रावरील आरएआर-आल्फा या जनुकाचा मोठा भाग १५ व्या गुणसूत्रावरील पीएमएल या जनुकाच्या भागाला जाऊन चिकटलेला होता, आणि त्यापासून सृष्टींत एरव्हीं नसलेलें एक जोडप्रथिन तयार होत होतें.

आरएआर-आल्फा हें मूळचें सज्जन प्रथिन. आपण गाजर, पालेभाज्या, दूध यांतून जें अ जीवनसत्त्व किंवा त्याचें पूर्वरूप घेतों, त्यापासून शरीरांत रेटिनोइक अम्ल तयार होतें. हें अम्ल भेटेपर्यंत आरएआर-आल्फा आपल्या ताब्यांतील जनुकांपाशीं बसून असेटिल खुणा काढणाऱ्यांना जवळ बाळगतें व बासनें आवळलेलीं ठेवतें. अम्ल येऊन मिळालें कीं तें प्रथिन आपला आकार बदलतें, त्या मंडळींस निरोप देतें आणि खुणा चढविणाऱ्यांस बोलावतें. बासनें सुटतात व पेशी पुढील पायरीवर जाते. जोडप्रथिनांत मात्र पीएमएलच्या संगतीनें तें हट्टी बनतें. तें घोळक्यानें जनुकांवर बसतें, बंद करणाऱ्यांस घट्ट धरून ठेवतें, आणि शरीरांतल्या नेहमीच्या प्रमाणांतील अम्लाला मुळींच दाद देत नाहीं. परिणाम असा कीं, न्यूट्रोफिल होण्यासाठीं जे अध्याय वाचावे लागतात ते बंदच राहतात. पेशी मूर्ख झालेली नसते. तिच्यापाशीं पोथीही शाबूत असते. तिचें पुस्तक कोणी तरी धरून बसलेलें असतें.

आतां कथा शांघाय येथें जाते. तेथील रुइजिन रुग्णालयांतील वांग झेन-यी हे १९२४ सालीं जन्मलेले वैद्य. इस्रायलमधील लिओ साक्स यांनीं प्रयोगशाळेंत दाखविलें होतें कीं, कर्करोगी रक्तपेशींना योग्य द्रव्य मिळाल्यास त्यांतील कांहीं पक्व होऊन शहाण्यासारख्या वागूं लागतात. वांग यांच्या मनानें ही कल्पना घेतली. रोगट पेशींना मारावयाचें कशासाठीं, त्यांना मोठें करावें ! कित्येक वर्षें निरनिराळीं द्रव्यें पारखून त्यांची दृष्टि रेटिनोइक अम्लावर स्थिरावली. हें अम्ल परीक्षानळींत अशा पेशींना पक्व करतें असें अमेरिकेंतील टी. आर. ब्राइटमन यांनीं १९८० च्या सुमारास दाखविलेलेंच होतें. या अम्लाचीं दोन रूपें प्रचारांत होतीं. पाश्चात्य देशांत मुरुमांवर दिलें जाणारें रूप वेगळें होतें. चीनमध्यें ऑल-ट्रान्स नांवाचें रूप मिळूं शकत होतें, आणि कार्यसिद्धि या दुसऱ्या रूपानेंच व्हावयाची होती. १९८५ सालीं पांच वर्षांच्या एका मुलीला, जिच्यावर इतर उपाय थकले होते, तिच्या आईबापांच्या संमतीनें हें औषध तोंडावाटे देण्यांत आलें. मुलगी बरी झाली. १९८८ सालीं वांग व त्यांचे सहकारी यांनीं २४ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील आठ जण असे होते कीं, ज्यांच्यावर पूर्वींचीं औषधें चाललीं नव्हतीं. चोवीसही रोग्यांच्या मज्जेंतून रोगाचीं दृश्य चिन्हें गेलीं, आणि तींही मज्जा उजाड न होतां.

यांतील मर्म पुढें अधिकच स्पष्ट झालें. औषध सुरू केल्यावर रोग्यांच्या रक्तांत जे पक्व न्यूट्रोफिल दिसूं लागले, त्यांचीं गुणसूत्रें तपासलीं असतां त्यांतही १५ व १७ ची तीच अदलाबदल आढळली. म्हणजे रोगट पेशी मेल्या व त्यांच्या जागीं दुसऱ्या आल्या, असें झालें नाहीं. त्याच पेशी वयांत आल्या. भरपूर मात्रेनें दिलेल्या अम्लानें जोडप्रथिनाचा हट्ट मोडला, बंद करणारे निघून गेले, अध्याय उघडले, आणि वर्गांत तुंबलेलीं मुलें एकदम वरच्या इयत्तेंत गेलीं. अशा एकदम चढलेल्या गर्दीचा त्रासही होतो. कित्येक रोग्यांस या काळांत ताप येतो, दम लागतो, अंगाला सूज येते, व तत्काळ स्टिरॉइड देऊन ती अवस्था आवरावी लागते. आयुष्य वर्गांत घालविल्यामुळें मला ही कथा विशेष आवडते, हें कबूल केलें पाहिजे. पण आवडती उपमा फार ताणूं नये, कारण कथेचा पुढला भाग तिच्याशीं जुळत नाहीं.

तो भाग असा : एकट्या रेटिनोइक अम्लानें बरे झालेले बहुतेक रोगी कांहीं महिन्यांनीं पुन्हां आजारी पडत. पेशी पक्व झाल्या तरी रोगाचें बीज मागें राही. तें बीज जाण्यास जोडप्रथिनाचें मन वळविणें पुरेसें नव्हे. त्याचा समूळ नाश व्हावा लागतो. हें काम करणारें दुसरें औषध सांपडलें तेंही चीनमध्येंच, आणि तें म्हणजे प्रत्यक्ष सोमल ! ईशान्य चीनमधील हार्बिन येथें झांग टिंगडोंग व त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत एका गांवठी औषधाची पारख सुरू केली होती. त्यांत सोमलाखेरीज पारा व बेडकाचें विषही असे. एकेक घटक वेगळा करून पाहतां गुण सोमलाचा ठरला, आणि गुण येतो तो विशेषेंकरून याच रोगांत, हेंही दिसून आलें. सोमल जोडप्रथिनाच्या पीएमएल या भागाला जाऊन चिकटतो. मग पेशींतील केर काढणारी यंत्रणा त्या प्रथिनावर खूण करून त्याचे तुकडे करून टाकते. रेटिनोइक अम्ल दुसऱ्या टोंकाला, सोमल या टोंकाला. दोन्ही मिळून तें नाहींसें होतें.

सोमल, हरताळ, मनशीळ हीं नांवें आमच्या रसवैद्यकांतही आहेत, आणि युरोपांत थॉमस फाउलर यांचा सोमलाचा अर्क १७८६ पासून दीडशें वर्षें दुकानांत मिळत असे. यावरून कोणी असा तर्क करील कीं, मग आपल्या वैद्यबुवांची सोमलाची पुडी काय वाईट ? फार वाईट. रुग्णालयांत देतात तो शुद्ध केलेला, मिलिग्रॅममध्यें मोजलेला सोमल असतो. रोग्याच्या हृदयाची व रक्तांतील क्षारांची तपासणी करीत तो शिरेंतून सोडतात, आणि तोही गुणसूत्रांची ती अदलाबदल आहे असें ठरल्यावर. अशुद्ध व बेमाप सोमलानें यकृत, मज्जातंतु व कातडी यांची कायमची हानि होते, जीवही जातो. प्राचीन नांव आणि आधुनिक औषध एक निघालें एवढ्यानें प्राचीन पुडी आधुनिक होत नाहीं.

भारतापुरतें सांगावयाचें तर वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत विक्रम मॅथ्यूज, मॅमन चँडी प्रभृतींनीं १९९८ पासून केवळ सोमलानेंच नव्या रोग्यांवर उपचार केले. महागड्या औषधोपचाराची ऐपत नसलेले लोक आपल्या देशांत किती, याचा विचार त्यांमागें होता. ७२ रोग्यांचा त्यांचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या अखेरीस शेंकडा सुमारें ८६ रोगी जिवंत राहतात असा त्यांत हिशेब निघाला. २०१३ सालीं इटली व जर्मनी येथील वैद्यांनीं फ्रांचेस्को लो-कोको यांच्या नेतृत्वाखालीं, फार धोक्याच्या वर्गांत न मोडणाऱ्या रोग्यांवर रेटिनोइक अम्ल व सोमल हीं दोनच औषधें देऊन पाहिलीं. दोन वर्षांनंतर त्यांतील शेंकडा ९९ रोगी हयात होते. रूढ कर्करोगनाशक औषधें घेतलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ९१ होतें. ज्या रोगाला १९५७ सालीं कांहीं आठवड्यांची मुदत होती, त्याची आज ही अवस्था आहे.

तरीही या रोगानें माणसें मरतात. आणि जीं मरतात तीं बहुधा पहिल्या कांहीं दिवसांतच, रक्तस्रावानें, औषध सुरू होण्यापूर्वीं किंवा होतां होतां. म्हणून घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं एवढें लक्षांत ठेवावें. मार लागल्यावांचून अंगावर काळेनिळे डाग उठूं लागले, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त थांबेना, विटाळशीच्या दिवसांत स्त्रीला नेहमीपेक्षां फार रक्त जाऊं लागलें, आणि जोडीला ताप किंवा फिकटपणा असला, तर त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें. हीं लक्षणें दुसऱ्याही कित्येक आजारांत होतात, व पुष्कळदां तीं क्षुल्लक ठरतात. पण तें ठरविण्याचें काम प्रयोगशाळेचें आहे. एकत्र कुटुंबांत सुनेची तक्रार सासूमार्फत सासऱ्यांच्या कानीं जाण्यास तीन दिवस लागतात आणि पाहुणे असले तर पांच. या रोगांत तेवढे दिवस हातीं नसतात. जाणते वैद्य रेटिनोइक अम्लाची पहिली मात्रा केवळ संशयावरूनही देऊन टाकतात, गुणसूत्रांच्या तपासणीची वाट पाहत बसत नाहींत. आणखी एक गोष्ट. ही पानांची अदलाबदल रोग्याच्या मज्जेंतील एखाद्या पेशींत त्याच्या हयातींतच घडलेली असते. ती आईबापांकडून आलेली नसते व मुलाबाळांकडे जातही नाहीं. तेव्हां सुनेच्या माहेरीं असा कोणी होता काय, किंवा बरा झालेल्या मुलाचें लग्न व्हावें काय, असल्या प्रश्नांना यांत जागा नाहीं.

हा उपाय एवढ्या एकाच प्रकाराला लागू पडतो. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या दहा रोग्यांत साधारण एकाचा रोग या जातीचा असतो. बाकीच्यांत पेशींना अडविणारीं कारणें निराळीं. पण तींही एकेक सांपडूं लागलीं आहेत. कांहीं रोग्यांत आयडीएच-२ नांवाचें बिघडलेलें प्रथिन एक विपरीत द्रव्य निर्माण करतें, त्यामुळें डीएनएवरील व हिस्टोनवरील मिथिल नांवाच्या खुणा वेळेवर पुसल्या जात नाहींत, आणि पेशी अडून राहतात. त्या प्रथिनाला रोखणारें एनासिडेनिब हें औषध अमेरिकेंत २०१७ सालीं मान्य झालें. दुसऱ्या कांहीं रोग्यांत, ज्यांत तान्हीं मुलेंही पुष्कळ असतात, मेनिन नांवाच्या प्रथिनाच्या साहाय्यानें नको तीं जनुकें सताड उघडीं राहतात. तें साहाय्य तोडणारें रेव्हुमेनिब हें औषध २०२४ सालीं मान्य झालें. हीं औषधें देतांनाही रोगट पेशी पक्व होऊं लागतात, आणि शांघायच्या रोग्यांप्रमाणें यांतील कित्येकांनाही ताप येऊन दम लागतो. त्यावर उपायही तोच, स्टिरॉइड.